एझराचा सहावा नळ

पळस्प्याला गोव्याचा रस्ता पुण्याच्या रस्त्यापासून फुटतो. तिथून गाडीने चार मिनिटांवर बुधाजीशेठचं हॉटेल आहे. मच्छी चांगली मिळते, पण लोक मच्छीसाठी येत नाहीत. लोक एझरा वाकरूळकरसाठी येतात. त्यांना हे माहीत नसतं, ते म्हणतात आम्ही बिअरसाठी आलो. पण ती बिअर एझरा बनवतो, म्हणजे एकच झालं.

एझरा एकोणचाळीस वर्षांचा. जुन्या पनवेलात इस्राईल तळ्याच्या मागे घर. आई हेप्झिबाबाई, बायको एलिशेवा शाळेत शिकवते, आणि वरच्या मजल्यावर मोठा भाऊ जोनाथन. जोनाथन कळंबोलीच्या लोखंड बाजारात क्रेन चालवतो. दहावीला दोनदा बसला आणि दोनदा उठला. एझरा मात्र बी.एस्सी. झाला, मायक्रोबायॉलॉजी, फर्स्ट क्लास, वाकरूळकरांच्या सात पिढ्यांत पहिला. ते सर्टिफिकेट फ्रेम करून लावलंय, पण एझराच्या घरात नाही, जोनाथनच्या. येणाऱ्या प्रत्येकाला ते आधी दाखवतात, मग पाणी देतात.

तळोज्याच्या एका मोठ्या बिअर कारखान्यात एझरा चौदा वर्षं लॅबमध्ये होता. काम एकच. आज निघालेली बाटली कालच्या बाटलीसारखी लागते का ते बघायचं. चौदा वर्षं ती तशीच लागली. पंधराव्या वर्षी त्याला वाटलं, आता पुरे. त्याच सुमाराला बुधाजीशेठ माणूस शोधत होते. शेठ आगरी. जमीन हायवेत गेली, उरल्या तुकड्यावर हॉटेल बांधलं. खारघरची मंडळी ताजी बिअर प्यायला पार पुण्याला जातात हे कळल्यावर त्यांनी मागच्या शेडमध्ये स्टीलच्या टाक्या बसवल्या. टाक्या बसल्या, लायसन आलं, पण बनवणार कोण?

पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं, "तुला काय काय बनवता येतं?"

"तुम्हाला काय काय प्यायला येतं?" एझराने विचारलं.

दुसरा कोणी असता तर तिथूनच परत गेला असता. बुधाजीशेठ पोट हलवून हसले आणि नोकरी पक्की झाली. एझराने एकच अट घातली, शनिवारी येणार नाही.

"शनवारी?" शेठचं हसू गेलं. "हाटेलवाल्याचा शनवार म्हंजे काय, ठाव हाय ना तुला?"

"आमचा पणजोबा तेलाचा घाणा चालवायचा. शनिवारी घाणा बंद. गावात शनवार तेली म्हणायचे आम्हाला. चार पिढ्या बंद ठेवला, मी कशाला चालू करू?"

"मंग बिअर कोन बगल?"

"बिअर टाकीत बसून राहते, शेठ. तिला वार कळत नाही."

शेडमध्ये माल्टच्या पोत्यांच्या वर एक लाकडी फळी आहे. तिच्यावर पाच रिकाम्या बाटल्या, पुसून ठेवलेल्या. नवा माणूस आला की त्याला वाटतं भंगारवाल्याची वाट बघतायत. तसं नाही. सोनाराकडे कस लावायचा दगड असतो ना, तशा आहेत त्या. एझराचं म्हणणं असं की बिअरचे प्रकार शंभर असतील, पण प्रत्येक प्रकाराची एक बाटली अशी असते की ती प्यायल्यावर दुसरं काही विचारायला लागत नाही. आपली बिअर तिच्या शेजारी ठेवायची आणि घोट घ्यायचा. लाज वाटली तर पुन्हा बनवायची.

पहिली बाटली जर्मनीच्या वाइहेनस्टेफानची. ही गव्हाची बिअर, गढूळ. हिला पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो आणि आत केळंही नसतं, लवंगही नसते, सगळी करामत यीस्टची. दुसरी बेल्जियमची होगार्डन. तीही गव्हाचीच, पण हिच्यात खरोखर धणे आणि संत्र्याची साल पडते. तिसरी काळी, आयर्लंडची गिनेस. जव भाजून भाजून काळं करतात, कॉफीसारखं लागतं. चौथी कॅलिफोर्नियाची लॅगुनिटास, आयपीए म्हणतात ती जात, कारल्यासारखी कडू आणि वर मोसंबीच्या सालीचा वास. पाचवी पिल्सनर उर्केल. झेक लोकांची, सोन्यासारखी, साफ. एझरा स्वतः प्यायला बसला की हीच पितो. म्हणतो, काळ्या बिअरमध्ये चूक लपते, कडू बिअरमध्ये चूक लपते, हिच्यात माशीसुद्धा लपत नाही.

कळंबोलीचे क्रेनवाले पहिल्यांदा आले तेव्हा त्यांच्यापुढे हे सगळं कोण बोलणार? एझराने त्यांना काही सांगितलंच नाही. एकेकाला विचारलं, "सकाळी चहा घेता की कॉफी? लोणचं लिंबाचं की कैरीचं? कारलं खाता?" आणि उत्तर ऐकून ग्लास पुढे केला. चौदा माणसं, चौदा ग्लास, एकानेही बदलून मागितला नाही. हे लोखंड बाजारात आजही सांगतात. जोनाथन जरा जास्त वेळा सांगतो, पण खोटं सांगत नाही.

आता फळीवर पाचव्या बाटलीच्या पुढे एक जागा रिकामी होती. वीतभर. तिथे काय, असं विचारलं की एझरा विषय बदलायचा.

झालं होतं असं की एक पाहुणा जर्मनीहून, लाइपझिग शहरातून, एक बाटली घेऊन आला होता. गोझे नावाची बिअर. गव्हाची, आंबट, आणि तिच्यात मीठ. मीठ आणि धणे. एझराने घोट घेतला आणि थांबला. आंबट, खारट, धण्याचा वास. हे तर घरचं. नारळ न घातलेली सोलकढी जशी. जर्मन लोकांना ही अक्कल शेकडो वर्षांपूर्वी आली, तर ज्या गावाच्या एका बाजूला उरणची मिठागरं आणि दुसऱ्या बाजूला रोह्याची कोकमं, त्या गावाला का येऊ नये? ती बाटली त्याने फळीवर ठेवली नाही. पाच प्रकारांचे नमुने परदेशातले, ठीक आहे. सहाव्याचा नमुना पनवेलचा असेल, हे त्याने मनात धरलं आणि जागा रिकामी ठेवली.

हॉटेलात नळ सहा. पाच एझराचे. सहाव्यावर शेठ उन्हाळ्यात आंब्याची बिअर लावायचे, आमरसाचा डबा ओतून. एझरा ती बनवायचा, पण प्यायचा नाही.

मार्चमध्ये त्याने विषय काढला. "शेठ, सहावा नळ मला द्या."

"आनि आंबा?"

"आंबा ताटात वाढा. नळाला कोकम लावतो. आंबट-खारट."

बुधाजीशेठने कानात करंगळी घालून हलवली. "आंबट-खारट तर आमची आगरी माणसं जेवताना पितात रे, फुकट. त्याला नळ कशाला?" मग जरा विचार करून म्हणाले, "बरं, आयक. एप्रिलच्या एकोनीस तारकेला खारघरची ती अनुया तिची मंडली घेऊन येतेय. चोवीस मानसं. त्यांना पाज. मी काय कुनाचं आयकनार नाय. लोक तोंडावर गोड बोलतात. मी मोरीत उभा राहून ग्लास बगीन. निम्म्याच्या वर ग्लास रिकामे आले तर नळ तुजा, कायमचा. नाय तर आंबा, आनि पुन्ना हा विषय काढायचा नाय."

"कबूल."

अनुया म्हणजे खारघरच्या बिअर पिणाऱ्यांच्या ग्रुपची प्रमुख. आयटी कंपनीत आहे, आणि बिअर पारखायची परीक्षा दिलेली बाई. अशी परीक्षा असते. जोनाथनला हे कळलं तेव्हा त्याला पहिल्यांदा शिक्षणाबद्दल वाईट वाटलं.

आता ही बिअर बनते कशी, ते थोडक्यात. गव्हा-जवाचं गोड पाणी काढायचं आणि त्याला विरजण लावायचं, दह्याला लावतात तसं. दीड दिवसात ते हवं तेवढं आंबट होतं. झालं की ताबडतोब उकळायचं, म्हणजे विरजण मरतं आणि आंबणं थांबतं. मग धणे, मीठ, यीस्ट, कोकम. सगळा खेळ त्या उकळण्याच्या वेळेचा. चुकलात तर दही जसं आंबतच जातं, तसं हेही आंबतच जातं.

एझराने हिशेब केला. मंगळवारी पहाटे विरजण, बुधवारी दुपारी दोनला उकळ, पाचला यीस्ट, सहाला घरी. कारण बुधवारी संध्याकाळी पेसाह लागत होता.

पेसाहला बेने इस्रायलच्या, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांच्या घरात आठ दिवस खमिराचा कण चालत नाही. पाव नाही, जव नाही, आंबवलेलं धान्य नाही. बेखमीर भाकर खायची. जुनी माणसं या सणाला अनशी ढाकायचा सण म्हणायची. अनस म्हणजे आंबट रसाचं मडकं. कोकणात सगळं विसरायला झालं तरी एवढं विसरले नाहीत, की या दिवसांत आंबटाचं मडकं झाकायचं, वर फडकं बांधायचं आणि आठ दिवस उघडायचं नाही. हेप्झिबाबाई आजही कोकमाच्या आगळाच्या बरणीला फडकं बांधतात, तीन वेढे. बिअर तर जवाची आणि आंबवलेली. म्हणजे एझरा दरवर्षी आठ दिवस शेडचं तोंड बघत नाही. चव नाही, हात नाही, फोनवरूनसुद्धा नाही.

बुधवारी साडेबाराला तो जेवून शेडमध्ये आला आणि बघतो तर बॉयलर उघडा. आतल्या नळ्या बाहेर काढून मिस्त्री जमिनीवर बसलेला, ब्रशने घासतोय.

"हे काय?"

"शेठनी सांगितलंय. वर्षाची सफाई. आठला जोडून देतो."

एझरा धावत पुढे गेला. बुधाजीशेठ काउंटरवर पान लावत होते. "शेठ, बॉयलर आज का काढलात?"

"मंग कवा काडू? तुजा सन उद्या हाय ना? तू आठ दिवस नाय, मागून बॉयलर बिगडला तर कोन बगल? म्हनून तू असताना आजच काडला." त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरावर बोट ठेवलं. "ह्ये बग. बेस्तवार. सपष्ट लिवलंय."

लिहिलं होतं. गुरुवार, दोन एप्रिल. पण यहुदी माणसाचा दिवस सकाळी सुरू होत नाही, आदल्या संध्याकाळी सूर्य बुडाला की होतो. गुरुवारचा सण बुधवारी संध्याकाळी लागतो. एझराने हे कधी सांगितलं नाही, कारण त्याला वाटलं हे सगळ्यांनाच माहीत असतं. शेठनी विचारलं नाही, कारण कॅलेंडरात लिहिलं होतं.

एझराने सांगितलं. बुधाजीशेठचं पान हातातच राहिलं.

"आयला." ते उठले. "मंग रातीला मी उकळतो. तू काय काय करायचं ते सांगून जा."

"मी सांगून तुम्ही केलं, तर ते मीच केल्यासारखं झालं, शेठ."

"मंग आता?"

एझराने मीटर टाकीत बुडवलं. या मीटरचं असं की आकडा जितका खाली, तितकं आंबट. हवं होतं तीन पूर्णांक तीन. तेवढंच आलं होतं, नेमकं. आत्ता, या घटकेला उकळलं असतं तर सोन्यासारखं झालं असतं. आणि बॉयलर जमिनीवर पसरला होता.

सहा वाजेपर्यंत तो मिस्त्रीच्या शेजारी बसून स्वतः नळ्या जोडत होता. जमलं नाही. मग तो उठला. टाकीत वरून कार्बन डायऑक्साइड सोडला, हवा आत राहू नये म्हणून. झाकण लावलं. कपाटातून एक धुतलेलं फडकं काढून झाकणावर ठेवलं आणि सुतळीने बांधलं, तीन वेढे. स्टीलच्या टाकीला फडक्याची काही गरज नसते. पण हात आईचं बघून शिकलेला.

मग त्याने बुधाजीशेठना बोलावलं. "शेठ, ही टाकी तुमची."

"माजीच हाय. बिल माज्या नावानं हाय."

"तसं नाही. मी हिला आजवर माझी बिअर, माझी बिअर म्हणत आलो. आता म्हणत नाही. आतलं सगळं तुमचं. मला त्यावर हक्क नाही. आंब्यासाठी टाकी लागली तर ओतून द्या, मी विचारणार नाही."

"खरंच वतून दिली तर?"

"तर दिली."

आमरसाचे डबे कोपऱ्यात रचलेले होते, ते एझराला दिसत होते. सूर्य टेकायला आला होता. त्याने स्कूटर काढली आणि घरी आला.

सेदरला, म्हणजे सणाच्या पहिल्या रात्रीच्या जेवणाला, घर भरलं होतं. एझरा प्रार्थना म्हणत होता, पण बेखमीर भाकरीचा तुकडा हातात घेऊन एकदा थांबला. हेप्झिबाबाईंनी बघितलं.

"काय रे?"

"काही नाही आई. टाकीचं आठवलं."

"तुझी आहे का ती?"

"नाही. दिली."

"मग आठवायची कशाला? खा."

दुसऱ्या दिवशी जोनाथन म्हणाला, "मी जाऊन बघून येतो. मी काही हात लावत नाही. नुसतं शेडच्या बाहेरून."

"दादा, जायचं नाही."

"अरे, त्या माणसाचा भरवसा काय? आंब्याचा सीझन आहे."

"दादा."

जोनाथन गप्प बसला. पण लोखंड बाजारात तो आधी गप्प बसला नव्हता. एकोणीस तारखेला माझ्या भावाची अशी बिअर येतेय की जर्मनीतून माणसं येतील, असं त्याने तीन यार्डांत सांगून ठेवलं होतं. आता टाकी आहे की नाही हेच कुणाला माहीत नाही. आठ दिवस असे गेले. एझरा सिनेगॉगला जायचा, तळ्याला चकरा मारायचा. पळस्प्याकडे जाणारी बस दिसली की मान दुसरीकडे करायचा. टाकीत काय चाललं असेल हे त्याला डोळे मिटून कळत होतं, बी.एस्सी. होता तो. आंबतंय. रोज थोडं जास्त. असेल तर.

दहा तारखेला शुक्रवारी सकाळी सहाला तो शेडवर गेला. टाकी होती. झाकणावर फडकं होतं, तीन वेढे, गाठ त्याचीच. आणि खालच्या व्हॉल्व्हला एक गंजकं, मुठीएवढं कुलूप लावलेलं, गोठ्याला असतं तसं.

बुधाजीशेठ बनियनवर बाहेर आले, हातात किल्ली. "म्हशी गेल्या तवापास्नं पडून व्हतं. पोरं आत काय हाय, आत काय हाय करत व्हती, म्हनून लावलं." किल्ली त्याच्या हातावर ठेवली. "चूक माजी व्हती, पन म्हनून नाय. देवाच्या नावानं बांधलेलं मी सोडत नसतो. आनि तुजा भाऊस आल्ता सोमवारी. रस्त्याच्या पलीकडं उभा राहून बगत व्हता. मी बोललो, घरी जा, काय सांगनार नाय."

घरी गेल्यावर काय बोलायचं ते एझराचं तेव्हाच ठरलं, पण आधी टाकी. मीटर बुडवलं. तीन. नुसतं तीन. घोट घेतला आणि कानामागे कळ गेली. दात आंबले. वास मात्र स्वच्छ होता, बुरशी नाही, कुबट नाही. आंबटपणाच असा की ग्लासभर कुणी पिऊ शकलं नसतं. चोवीसपैकी चोवीस ग्लास भरलेले परत आले असते.

"कसं हाय?" शेठनी विचारलं.

"जास्त झालं."

"लई?"

"लई."

तो साडेसातला घरी आला. हेप्झिबाबाई बरणीचं फडकं सोडत होत्या. आठ दिवसांनी उघडलेलं आगळ, काळं-लाल, दाट. त्यांनी पळीभर काढलं. एझरा त्या पळीकडे बघत उभा राहिला.

"काय बघतोस? सरबत देऊ?"

"आई, हे असंच प्यायलं तर?"

"वेडा आहेस का? आगळ कुणी असंच पितं? जीभ सोलून निघेल. पळीभर आगळ आणि तांब्याभर पाणी."

एझराने बूट पुन्हा घातले. जोनाथन जिन्यात भेटला, तोंड उघडणार एवढ्यात एझरा म्हणाला, "दादा, रस्त्याच्या पलीकडे उभा होतास ना? आता अलीकडे ये. पोती उचलायला माणूस हवाय."

हेच ते. आठ दिवस झाकलेलं ते बिघडलेलं नव्हतं, ते आगळ झालं होतं. त्यात भर घालायची होती, पण पाण्याची नाही, ताज्या गव्हाच्या गोड पाण्याची. नऊला त्यांनी गहू आणि जव भिजवलं. जोनाथनने बारा पोती एकट्याने वर चढवली, क्रेनशिवाय. दुपारी दोनला नवं पाणी निघालं. एझराने जुनं एक भाग, नवं दोन भाग असं ग्लासात करून बघितलं, मग एकास दीड, मग पुन्हा एकास दोन. मीटर तीन पूर्णांक तीनच्या आसपास आलं. पण मीटरला न कळणारी एक गोष्ट जिभेला कळली. दीड दिवसाचं आंबट नुसतं टोचतं. हे आठ दिवसांचं गोल झालं होतं. मागून येत होतं आणि राहत होतं. सगळं उकळलं, कुटलेले धणे टाकले, उरणचं जाडं मीठ टाकलं, यीस्ट घातलं. सव्वापाचला टाकी बंद. सूर्य बुडायच्या आत तो आंघोळ करून बसला होता, कारण शुक्रवार होता आणि शनिवार लागत होता. पाच दिवसांनी रोह्याची आमसुलं घातली, मग थंडी लावली.

एकोणीस तारखेला दुपारी खारघरची चोवीस माणसं आली. आणि बोलावलेलं नसताना कळंबोलीचे अठरा क्रेनवाले, जोनाथनच्या मागून.

बुधाजीशेठने दारातच हात आडवा केला. "जोनाथन, तुजी मानसं बसू दे, पिऊ दे. पन त्यांचे ग्लास मी धरनार नाय. ती फिनाईल पन संपवतील."

"शेठ, अपमान करू नका," एक क्रेनवाला म्हणाला. "फिनाईल आम्ही बर्फ टाकून घेतो."

ग्लास गेले. फिकट गुलाबी बिअर, वर पांढरा फेस. एझरा नळापाशी उभा होता आणि टेबलांकडे बघत नव्हता, नळ पुसत होता. पुसलेलाच नळ.

अनुयाने नाकाशी धरलं, घोट घेतला, तोंडात फिरवला, पुन्हा घेतला. मग उठून नळापाशी आली. "खरं बोलू?"

"त्यासाठीच बोलावलंय, मॅडम."

"गोझे म्हणून परीक्षेत आली असती तर मी दोन मार्क कापले असते. मीठ कणभर जास्त आहे. आणि कोकमाचा रंग लाइपझिगवाल्यांना आवडणार नाही."

एझराने मान हलवली. मीठ कणभर जास्त होतं, त्यालाही वाटलं होतं.

"पण हा आंबटपणा कुठून आणलात? हे दीड दिवसाचं काम नाही. आपल्याकडे एवढा वेळ कुणी देतच नाही. किती ठेवलंत?"

"आठ दिवस."

"का? रेसिपीत असं कुठे नसतं."

"आमच्याकडे झाकून ठेवतात," एझरा म्हणाला. एवढंच म्हणाला. दुसरा असता तर तासभर भाषण दिलं असतं. जोनाथन तोंड उघडून पुढे आला होता, पण एझराने त्याच्याकडे बघितलं आणि तो पाण्याचा जग घेऊन परत गेला.

"आणि त्या मडक्याला फडकं..." जोनाथन जाता जाता एका टेबलाला सांगू लागलाच.

ग्लास मोरीत यायला लागले. बुधाजीशेठ लुंगी खोचून मोरीच्या दारात, एझरा त्यांच्यामागे दोन पावलं. भांडी घासणारी गोदूबाई एकेक ट्रे ठेवत होती आणि शेठ तळाकडे बघत होते. पहिला ट्रे, सहा ग्लास. चार रिकामे, दोनांत अर्धी. दुसरा, पाच रिकामे, एकात घोटभर.

"घोटभर म्हंजे रिकामा नाय," शेठ म्हणाले.

"नाही," एझरा म्हणाला.

तिसरा ट्रे आला. दोनच रिकामे. एका बाईने तर फक्त ओठ लावले होते. एझराने बोटांवर मोजलं. अकरा. निम्मे बारा. निम्म्याच्या वर म्हणजे तेरा हवेत, आणि शेवटचा ट्रे यायचा होता.

तो बराच वेळ आला नाही. शेठ वैतागले. "गोदू, ट्रे कुटं हाय?"

"कुठून आणू, शेठ? ती माणसं ग्लास सोडेनात. आणखी आण म्हणतायत."

बुधाजीशेठ बाहेर जाऊन बघून आले. कोपऱ्यातल्या टेबलावर अनुया आणि पाच जण, सहाही ग्लास कोरडे, आणि सहाही हात वर. ते परत आले, खोचलेली लुंगी खाली सोडली, मोरीच्या भिंतीवर बोटाने काहीतरी जुळवलं. अकरा आणि सहा, सतरा.

"चोवीसमदी सतरा," ते म्हणाले. "क्रेनवाले न धरता."

"त्यांचे अठरा पण रिकामे आहेत," बाहेरून जोनाथनचा आवाज आला.

"ते मी धरलेच नाय!"

मग शेठ कोपऱ्यातल्या आमरसाच्या डब्यांकडे गेले, वरचा एक उचलून गोदूबाईच्या हातात दिला. "घरी घेऊन जा. उरलेले पन वाटून टाका." नळाच्या पाटीवर खडूने आंबा लिहिलेलं होतं, ते त्यांनी तळहाताने पुसलं.

त्या दिवशी एझराने एक बाटली भरली, बूच मारलं, आणि ती सगळे गेल्यावर घरी नेली. हेप्झिबाबाईंनी, एलिशेवाने आणि जोनाथनने ती रिकामी केली. आईंनी अर्धी वाटी घेतली आणि म्हणाल्या, "मीठ जास्त आहे." सोमवारी ती रिकामी बाटली धुऊन, पुसून फळीवर पाचव्याच्या पुढे गेली. जोनाथनचं म्हणणं होतं ती पहिल्या जागेवर पाहिजे. एझराने ऐकलं नाही.

पुढच्या खेपेला त्याने मीठ कणभर कमी केलं. आणि आणखी एक अडचण निघाली. आता आठ दिवस झाकल्याशिवाय ती चव येत नाही, म्हणून दर खेपेला आठ दिवस टाकी अडकते, कुलूप लावून, सण असो की नसो. बुधाजीशेठ कुरकुरतात, पण कुलूप स्वतःच लावतात, किल्ली कनवटीला.

गेल्या आठवड्यात ते नवीन वर्षाचं कॅलेंडर घेऊन शेडमध्ये आले आणि पोत्यावर पसरलं. हातात लाल पेन्सिल.

"एझरा, तुजा सन कवा हाय ते दाखव."

एझराने तारीख दाखवली.

बुधाजीशेठने त्या तारखेवर पेन्सिल नेली, थांबवली, एक घर मागे सरकवली आणि आदल्या दिवसावर मोठा गोल केला. आत लिहिलं, संध्याकाळ. मग म्हणाले, "बॉयलरवाल्याला फेब्रुवारीतच बोलवतो."